उंबऱ्याची ठेच



व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय निवडण्याची मोकळीक आम्हांला दिली, तेव्हा त्यांची बहुधा अशी समजूत असावी की, हमाल-मापाडी आणि जिनिंगमधले कामगार यांच्यांत उभा जन्म काढलेला हा मनुष्य मजुरीचे दर, कामाचे तास, नाही तर संघटनेचे महत्त्व यांवर बोलेल. त्या विषयांवर आम्ही एरवी पुष्कळ बोलतो. ऐकणारे कंटाळले तरी बोलतो. पण वसंतातली संध्याकाळ आहे, दिवसभराच्या उन्हाने आपण सर्व तापलेले आहात, तेव्हा आज निराळाच विषय घ्यावा असे ठरविले. आज आम्ही हरण्याविषयी बोलणार आहोत. साध्या हरण्याविषयी नव्हे. आपल्याच मैदानावर, आपल्याच माणसांच्या डोळ्यांदेखत, हाताशी आलेला डाव निसटण्याविषयी. दाखले क्रिकेटचे देणार आहोत, कारण ते आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहेत. आम्ही काही खेळाडू नव्हे. सातवीनंतर आमची शाळा सुटली. पुढची शाळा म्हणजे गावातले वाचनालय आणि मोंढ्यातल्या चहाच्या टपरीवर येणारे वर्तमानपत्र. त्या वर्तमानपत्राचे शेवटचे पान आम्ही पहिल्या पानाइतक्याच निष्ठेने वाचत आलो, एवढाच आमचा अधिकार.

रस्त्यावर ठेच लागली तर माणूस दगडाला शिवी देऊन पुढे जातो. घरच्या उंबऱ्याला ठेच लागली म्हणजे मात्र तो तिथेच खाली बसतो. दुखणे अंगठ्याचे असते तेवढेच. पण ‘रोजचा हा उंबरा, आणि मला लागावा?’ हे मनाला अधिक लागते. घरच्या मैदानावरची हार अशीच असते.

आता परभणीकरांचे घरचे मैदान कोणते, हा मोठा गमतीचा प्रश्न आहे. राज्य एक असले तरी क्रिकेटच्या नकाशावर महाराष्ट्राचे तीन तुकडे आहेत: मुंबई, विदर्भ आणि पुण्याच्या संघटनेखालचा महाराष्ट्र. आपला मराठवाडा या तिसऱ्यात मोडतो. त्याही आधी, १९५६ पर्यंत, आपण हैदराबाद राज्यात होतो. मार्च १९४९ मध्ये, म्हणजे निझामाची राजवट जाऊन सहा महिने होत होते त्या सुमारास, पुण्यात महाराष्ट्र आणि मुंबई यांचा रणजी सामना झाला. मुंबईने ६५१ आणि ८ बाद ७१४ धावा केल्या, महाराष्ट्राने ४०७ आणि ६०४. एकूण २,३७६ धावा! प्रथम दर्जाच्या एका सामन्यात इतक्या धावा त्यापूर्वी झाल्या नव्हत्या आणि पुढेही झाल्या नाहीत. महाराष्ट्र आपल्या घरात ३५४ धावांनी हरला. पण त्या हारीचे शल्य कोणी उराशी बाळगून बसल्याचे आमच्या ऐकिवात नाही. दुसऱ्या डावात सहाशे धावा करूनही हरलो तर मनुष्य कपाळाला हात लावतो आणि हसतो. सल राहतो तो थोडक्यात हुकलेल्या डावाचा.

तसा हुकलेला डाव म्हणजे मे १९९१ मधला रणजी स्पर्धेचा अंतिम सामना. मुंबई विरुद्ध हरियाणा, मैदान वानखेडे. नकाशाप्रमाणे पाहिले तर मुंबईच्या संघाशी आपले नाते नाही. तरीही दुसऱ्या दिवशी मोंढ्यात पोती वाहणारी माणसे घरात कोणी गेल्यासारखी बोलत होती, हे आम्ही पाहिले आहे. त्यांतल्या निम्म्यांनी मुंबई पाहिलेली नव्हती. घर कोणते, हे संघटनेच्या घटनेवरून ठरत नाही. जिथली हार आपल्याला लागते ते घर, अशी आमची साधी व्याख्या आहे.

मुंबईने तोवर तीस वेळा हा करंडक जिंकला होता. १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत तर सलग पंधरा वर्षे तो मुंबईबाहेर गेलाच नव्हता. त्या संघात संजय मांजरेकर कर्णधार, दिलीप वेंगसरकर, नुकताच अठरा वर्षांचा झालेला सचिन तेंडुलकर, विनोद कांबळी. समोर हरियाणा, ज्याने हा करंडक एकदाही जिंकलेला नव्हता. मात्र त्याचे कर्णधार होते कपिल देव. हरियाणाने पहिल्या डावात ५२२ धावा केल्या. दीपक शर्मा यांच्या १९९, म्हणजे द्विशतकाला एक कमी. मुंबईने ४१० केल्या. हरियाणाचा दुसरा डाव २४२ वर संपला, आणि शेवटच्या दिवशी मुंबईपुढे ३५५ धावांचे लक्ष्य उरले. पहिल्या डावाची आघाडी हरियाणाची असल्यामुळे सामना अनिर्णित राहिला तरी करंडक त्यांचाच होता. मुंबईला जिंकण्यावाचून गत्यंतर नव्हते.

३ बाद ३४ अशी सुरुवात झाली. दुसरा कोणताही संघ अशा वेळी दार लावून बसला असता. पण वेंगसरकर आणि तेंडुलकर यांनी असा काही हल्ला चढविला की दुपारपर्यंत सामना फिरला. तेंडुलकर ९६ वर बाद झाले. कांबळींनी ४५ केल्या. मग गडी पडत गेले, आणि शेवटचा गडी, उंचापुरा तरुण गोलंदाज अॅबी कुरुविल्ला, वेंगसरकरांच्या सोबतीला आला, तेव्हा पन्नास धावा हव्या होत्या. वेंगसरकरांच्या पायात गोळे आलेले, त्यांच्या वतीने लालचंद राजपूत धावत होते. एका पायावर उभे राहून त्यांनी डाव ओढत आणला. ५० च्या ४०, ४० च्या २०, २० च्या ३. जिंकायला तीन धावा. आणि एक धाव घेताना, अमरजित केपी यांची फेक आली आणि कुरुविल्ला धावचीत झाले. ३५२ सर्वबाद. हरियाणा दोन धावांनी विजयी. वेंगसरकर १३९ वर नाबाद राहिले आणि मैदानातच रडले. पस्तिशीचा, शंभरावर कसोटी सामने खेळलेला मनुष्य लहान मुलासारखा रडला.

बंधूंनो, आता खरा प्रश्न. ही हार कोणाची?

मोंढ्यात त्या दिवशी एकमताने निकाल लागला होता: कुरुविल्लाची. तो वेळेवर पळाला असता तर! वरवर पाहता हा निकाल बिनतोड वाटतो, कारण शेवटचा प्रसंग सर्वांच्या डोळ्यांपुढे असतो. पण आम्हांला पुढे कामगारांच्या हिशेबवह्या तपासायची सवय लागली, आणि त्या सवयीने हा सामना पुन्हा पाहिला म्हणजे निराळेच दिसते. दोन धावा कमी पडल्या म्हणजे कोणत्या दोन? शेवटच्याच कशा? ५२२ धावा कोणी होऊ दिल्या? दीपक शर्मांना १९९ पर्यंत कोणी जाऊ दिले? पहिल्या डावात ११२ धावांनी मागे कोण पडले? ३ बाद ३४ कोणी केले? पाच दिवसांच्या खेळात दोन धावा शंभर ठिकाणी सांडलेल्या असतात: सुटलेल्या झेलात, आडव्या चेंडूत, आळसाने अडविलेल्या चौकारात. पीठ दळणापासून सांडत येते आणि शेवटची भाकरी लहान झाली की दोष मात्र शेवटची भाकरी थापणाऱ्या हाताला! खापर फोडायला आपल्याला एक डोके हवे असते, आणि सर्वांत जवळचे डोके शेवटच्या गड्याचे असते. दहाव्या-अकराव्या क्रमांकावर खेळायला येणारा हा माणूस मुळात फलंदाज नसतो. सर्व शहाण्यांनी केलेले नुकसान भरून काढायला त्याला पाठवायचे आणि ते भरून निघाले नाही म्हणजे त्यालाच धरायचे, हा न्याय आम्हांला पटत नाही.

हे आम्ही इतक्या आग्रहाने का सांगतो, त्याचे कारण क्रिकेटमध्ये नाही. काही वर्षांपूर्वी जवळच्या एका तालुक्याच्या बाजारात हमालांचा संप मोडला. संप आमच्या संघटनेचा नव्हता. तो मोडल्यावर आपसांत मारामारीपर्यंत वेळ आली, म्हणून समेटासाठी आम्हांला बोलावणे आले. आम्ही गेलो तेव्हा सर्वांच्या तोंडी एकच गोष्ट: नवव्या दिवशी एक पोरगा कामावर गेला आणि संप बुडाला. विशीतला पोरगा. त्याला कोणी चहा देत नव्हते, त्याच्याबरोबर पोते उचलायला कोणी खांदा देत नव्हते. पाठीवर पोते चढविण्याला दुसरा हात लागतो हे आपल्याला माहीत आहे. तो हात काढून घेतला की हमालाची रोजी संपली.

आम्ही रात्री सर्वांना बसविले आणि पहिल्या दिवसापासून हिशेब मांडायला सांगितले. संप कधी पुकारला? मृग लागल्यावर. मृगात बाजारात माल असतो कोठे? कापूस गेलेला, तूर-हरभरा गेलेला, सोयाबीन अजून पेरायचे. आडत्यांच्या दुकानांपुढे तशीही कुत्री झोपलेली. त्यांचे नुकसान ते काय झाले? दिवाळीच्या सुमारास, गाड्यांची रांग वेशीपर्यंत लागते तेव्हा हाच संप तीन दिवसांत फळाला आला असता. वर्गणीचा डबा पाचव्या दिवशी रिकामा झाला होता. शेजारच्या गावाच्या हमालांना आधी कोणी विचारले नव्हते. सातव्या दिवशी दोन वजनदार पुढारी पाहुण्याच्या लग्नाला म्हणून निघून गेले ते आलेच नाहीत. आणि नवव्या दिवशी, ज्याच्या घरी बाळंतीण होती आणि पिठाचा डबा पालथा होता, तो पोरगा कामावर गेला. म्हणजे ५२२ धावा आधीच झालेल्या होत्या; धावचीत तेवढा हा झाला.

मंडळींना ते पटले. पटले, पण उशिरा पटले. पोरगा त्याच आठवड्यात बायको-मुलाला घेऊन पुण्याकडे बांधकामावर निघून गेला, तो परत आला नाही. त्याच्या म्हाताऱ्या बापाला त्याच बाजारात आम्ही पुढे कितीदा पाहिले. हार विसरली गेली, हमालीचे दर दोन वर्षांनी वाढूनही मिळाले. पण एक घर मोडले ते मोडलेच. हरल्याने झाले त्याहून मोठे नुकसान, हरल्यानंतर आपण जे केले त्याने झाले.

मुंबईच्या संघाने काय केले तेही सांगायला हवे. तो धावचीत झालेला तरुण हद्दपार झाला नाही. तो खेळत राहिला, मेहनत करीत राहिला, आणि १९९७ मध्ये भारताकडून दहा कसोटी सामने खेळला. करंडकही १९९३-९४ मध्ये मुंबईकडे परत आला, पुढल्या वर्षी पुन्हा आला. ज्या संघाला आपला शेवटचा गडी सांभाळता येतो त्याला पुढचा डाव असतो.

घरच्या मैदानाविषयी आणखी एक भ्रम आपल्या मनात असतो, तो म्हणजे ते आपल्या बाजूने खेळते. फायदा असतो, नाही कसा? माती ओळखीची, वारा ओळखीचा, रात्री आपल्या अंथरुणावर झोप, आणि चौफेर आपल्या नावाचा गजर. पण माती कोणाची बांधील नसते. २०२४ सालचा ताजा दाखला घ्या. न्यूझीलंडचा संघ तीन कसोटी सामन्यांसाठी आला. २०१२-१३ पासून भारत आपल्या घरात सलग अठरा कसोटी मालिका जिंकलेला होता. कोणाला शंका यावी असे कारणच नव्हते. बंगळुरूला भारत ४६ धावांत गारद झाला आणि हरला. मग पुण्याला फिरकीला साथ देणारी खेळपट्टी आली, कारण फिरकी हे आपले घरचे हत्यार. त्या खेळपट्टीवर त्यांच्या मिचेल सँटनरने तेरा गडी बाद केले, आणि आपण ११३ धावांनी हरलो. तिसरा सामना पुन्हा त्याच वानखेडेवर. ३ नोव्हेंबर २०२४. जिंकायला १४७ धावा हव्या होत्या. ५ बाद २९ झाले. ऋषभ पंतने ६४ धावा करून आशा जागविली. आणि १२१ वर सर्व संपले. पंचवीस धावांनी हार, आणि आपल्या घरात तीन सामन्यांच्या मालिकेत तिन्ही सामने गमावण्याची पहिली वेळ.

त्या सामन्यात अकरा गडी बाद करणारा गोलंदाज कोण होता? एजाझ पटेल. जन्म मुंबईचा. आठ वर्षांचा असताना आईबापांबरोबर न्यूझीलंडला गेला. याच मैदानावर डिसेंबर २०२१ मध्ये त्याने एका डावात भारताचे दहाच्या दहा गडी बाद केले होते. कसोटीच्या इतिहासात त्याच्या आधी हे जिम लेकर आणि अनिल कुंबळे या दोघांनाच साधले. आणि तो सामना त्याचा संघ ३७२ धावांनी हरला! म्हणजे जन्माच्या गावी येऊन आयुष्यातला सर्वांत मोठा पराक्रम केला आणि रिकाम्या हाताने परतला. तीन वर्षांनी पुन्हा आला आणि जिंकून गेला. आता वानखेडे कोणाचे घर, आमचे की त्याचे? उत्तर आपणच शोधा. आम्हांला एवढेच दिसते की, जो त्या मातीचा अभ्यास करतो, माती त्याला त्या दिवसापुरती आपला म्हणते. फिरकीचा खड्डा दुसऱ्यासाठी खणला तरी त्याला दोन काठ असतात.

आता प्रेक्षकांकडे येऊ. मैदानावर अकरा जण हरतात, बाहेर हजारो. त्या हजारोंनी कसे हरावे? दोन दाखले आहेत. १३ मार्च १९९६, कलकत्त्याचे ईडन गार्डन, विश्वचषकाचा उपांत्य सामना. श्रीलंकेच्या २५१ धावा. भारत १ बाद ९८ वरून ८ बाद १२० वर कोसळला. लोकांनी बाटल्या फेकल्या, बाकांना आगी लावल्या. शेवटी खेळ थांबवून सामना श्रीलंकेला देण्यात आला, आणि नाबाद राहिलेले विनोद कांबळी रडत रडत बाहेर आले. आपल्याच माणसाला उरलेला डाव खेळूही न देणारे आपलेच लोक होते.

दुसरा दाखला त्यानंतर तीन वर्षांनी, मद्रासचा. शहराचे नाव तेव्हा चेन्नई झाले होते. ३१ जानेवारी १९९९. समोर पाकिस्तान, आणि पाकिस्तान म्हटले म्हणजे हवा किती तापलेली असते ते मी सांगायला नको. भारताला २७१ धावा हव्या होत्या. तेंडुलकर पाठदुखी सोशीत १३६ धावा करून बाद झाले तेव्हा अवघ्या सतरा धावा उरल्या होत्या. उरलेले तीन गडी चार धावांत गेले. बारा धावांनी हार. मैदान क्षणभर चिडीचूप झाले. आणि मग लोक उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले. पाकिस्तानच्या खेळाडूंनी मैदानाला फेरी मारली, आणि लोक टाळ्या वाजवीतच राहिले. त्या दिवशी मैदानावरचा भारत हरला. बाकांवरचा भारत हरला नाही, असे आम्ही म्हणू. त्या लोकांना कमी दुःख झाले होते असे कोणी समजू नये. रडू आणि टाळी या दोन्ही गोष्टी एकाच छातीत मावतात, एवढेच त्यांनी दाखविले.

कोणी म्हणेल, खेळाचे ठीक आहे; संसारात, बाजारात, निवडणुकीत टाळ्या कशा वाजवायच्या? आम्हीही प्रत्येक हारीला टाळी वाजवा असे म्हणत नाही. ज्या मजुराची मजुरी बुडाली त्याने बुडविणाऱ्याला टाळी द्यावी, हा उपदेश आम्ही कधी केला नाही आणि करणार नाही. अन्यायाने झालेली हार ही हार नव्हे, ती लूट आहे. तिच्याविरुद्ध उभे राहायला हवे. पण सरळ खेळात, सरळ स्पर्धेत समोरचा चांगला ठरला, तर तसे मोठ्याने म्हणण्याची ताकद आपल्यात हवी. ज्याला लूट आणि हार यांतला फरक कळत नाही, त्याला लुटीविरुद्धही नीट लढता येत नाही. तो दर वेळी ‘दगा झाला’ म्हणून ओरडतो, आणि खरोखरीच दगा होतो तेव्हा त्याचे कोणी ऐकत नाही.

आपल्या जिल्ह्यात हरण्याचे प्रसंग काही थोडे नाहीत. गावच्या यात्रेत कबड्डीचा सामना असतो. पोरगा दहावीला नापास होतो. सहकारी सोसायटीची निवडणूक दोन मतांनी जाते. पाऊस दगा देतो आणि वर्षाची शेती हरते. अशा प्रत्येक वेळी घरात आणि गावात एक शेवटचा गडी शोधला जातो. नापास झालेल्या पोरावर अख्खे घर तुटून पडते. सातवीत त्याचे गणित कच्चे राहिले तेव्हा ते घर कोठे होते, हे कोणी विचारीत नाही. कर्जाने खचलेल्या शेतकऱ्यालाही आपण असेच एकट्याने धावचीत होऊ दिले आहे. मराठवाड्यात बसून हे वाक्य हलक्या मनाने बोलता येत नाही.

म्हणून आमचे मागणे तीन गोष्टींचे आहे. हरल्यावर पहिल्या रात्री कोणाचे नाव घेऊ नये. नाव रागात घेतले जाते आणि ते पुसले जात नाही. दुसऱ्या दिवशी वही उघडावी आणि हिशेब पहिल्या चेंडूपासून मांडावा. त्यात मोठ्यांची नावेही येऊ द्यावीत. आणि जो शेवटी बाद झाला त्याच्या पाठीवर पुढचे पोते चढवायला पहिला हात आपण द्यावा. एवढे ज्या गावाला जमेल त्याला उंबऱ्याची ठेच लागेल, पण ते उंबऱ्यावर बसून राहणार नाही.